सातची मुक्कामी आणि पिक्चरचा शेवट

ज्या माणसाच्या हाताला मी अर्धं आयुष्य नेमका चेंडू दिला, त्यानं मला तितकीच वर्षं थाप मारली, हे मला माझ्या पिठाच्या गिरणीत, लाइन गेलेल्या दुपारी, सुनेच्या मोबाईलवर कळलं. मी ताडकन उठलो. ओट्यावर एक बाई ज्वारीचं दळण घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "बाई, लाइन येईस्तोवर बसा, मी एका माणसाशी भांडून येतो." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतो आहे.

आधी सगळं नीट सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

आमचं गाव मंगरुळपीर आणि मानोऱ्याच्या मधल्या पट्ट्यातलं. गावात दोनच गोष्टींना मान होता, एक तुरीला आणि दुसरा व्हॉलीबॉलला. विहारामागच्या मोकळ्या जागेत दोन सागाच्या बल्ल्या रोवलेल्या, त्यांना नेट. संध्याकाळी शेतातून, शाळेतून आलेला माणूस घरी जाऊन पाणी प्यायच्या आधी तिथे हजर व्हायचा. आमच्या संघात आठ जण होते, सहा मैदानात आणि दोन राखीव. मी लिफ्टर. म्हणजे नेटजवळ उभं राहून चेंडू वर उचलून द्यायचा, आणि मारणाऱ्यानं उडी घेऊन तो पलीकडे हाणायचा. तो मारणारा म्हणजे शूटर. टाळ्या त्याला आणि शिव्या मला, अशी आमची सरळ वाटणी होती.

आमचा शूटर विहाराला लागून राहणारा, उंच, काटकुळा, कमी बोलणारा. पुढे तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई झाला. पण त्या दिवसांत त्याचं काम एकच, उडी मारणं. तो वर गेला की खाली यायचं विसरतो की काय असं वाटायचं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

आम्ही पंचविशीत असताना वाशिमला मोठे सामने झाले आणि आम्ही फायनलला पोचलो. अटीतटीचा सामना. शेवटच्या चेंडूवर मी लिफ्ट दिली ती नेटला चिकटून. शूटरनं मारायला हात घातला तर हात नेटला लागला. शिट्टी वाजली आणि आम्ही हरलो. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि हे मैदानातल्या प्रत्येकाला दिसलं. मी जागेवर बसलो, बूट काढले, तिथेच टाकले आणि अनवाणी चालायला लागलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आपला खेळ खतम. आता मी गिरणीवरच बसणार."

गावाला जाणारी शेवटची एस.टी. सात वाजता होती. ती मुक्कामी गाडी, रात्री गावातच थांबायची आणि सकाळी परत निघायची. ती चुकली की रात्र स्टँडवर. तोवर वेळ कुठे काढायचा म्हणून आम्ही आठही जण टॉकीजमध्ये घुसलो. पोस्टरवर हिरोईन मोठी होती, एवढाच विचार करून तिकिटं काढली.

आत पाहतो तर काय, पिक्चर व्हॉलीबॉलवर! हिंदी पिक्चर, कुणी मोठा हिरो नाही, हिरोईन दोन गाण्यांपुरती. एका कापड गिरणीतला पंचावन्न वर्षांचा फिटर, एके काळचा शूटर, गुडघे गेलेले, पोट सुटलेलं, तो पुन्हा मैदानात उतरतो. त्याची बायको त्याला हसते, मुलगा लाजतो, गिरणीतली पोरं त्याला काका म्हणून चिडवतात. आमच्यातल्या एकानं अंधारात शिट्टी मारली, दुसऱ्यानं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर चेंडू मारल्यासारखा हात मारला आणि पुढचा माणूस भांडायला उठला. त्याआधी मी तसा पिक्चर पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही आत्ताच मोबाईलवर शेवट शोधायला जाल.

भानगड अशी झाली की रीळ दुसऱ्या गावाहून यायची होती आणि तीनचा खेळ चारला सुरू झाला. पडद्यावर शेवटचा सामना रंगला, दोन्ही बाजूंना सारखे पॉइंट, म्हातारा उडी घ्यायला दोन पावलं मागे सरकला, आणि आमच्यातला एक ओरडला, "गाडी!" पावणेसात झाले होते. सात जण उठून पळालो. मी तर अनवाणीच पळालो. स्टँडवर पोचलो तेव्हा कंडक्टरनं घंटी दिली होती. आत बसून मोजलं तर सातच. शूटर तिथेच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तो दुधाच्या गाडीवर उभा राहून गावात आला. मी गिरणीच्या ओट्यावर तोंड पाडून बसलो होतो. त्याच्या गळ्यात माझे बूट लटकत होते, नाड्या एकमेकींना बांधलेले. मैदानावर परत जाऊन त्यानं ते उचलून आणले होते. आणि हा कमी बोलणारा माणूस रस्त्यावरूनच बोंबलत होता, "जितला बे! बुढा जितला!"

मग त्यानं शेवट सांगितला. म्हातारा असा उडाला, असा उडाला, की नेट त्याच्या कमरेला आलं. चेंडू असा आदळला की पलीकडच्याच्या डोक्यावरची टोपी उडाली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, गिरणीचा भोंगा वाजला, आणि लाजणारा मुलगा गर्दीत घुसून बापाच्या पाया पडला. आम्ही आ वासून ऐकत होतो. त्या संध्याकाळी मी बूट घालून मैदानात गेलो. कुणी मला खेळ खतम झाल्याची आठवण करून दिली नाही.

त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही खेळलो. शिरपूर, आसेगाव, मानोरा, जिथे सामने असतील तिथे. हरायला आलो की कुणीतरी म्हणायचं, "बुढा आठव, बुढा!" आणि अंगात काहीतरी संचारायचं. तो शेवटही दरवर्षी वाढत गेला. आधी एक टोपी उडाली होती, पुढे तीन उडाल्या. एका वर्षी त्यात मंत्र्याची गाडी आली. आम्ही कुणी शंका घेतली नाही.

मग वय झालं. ते कसं होतं ते खेळणाऱ्याला विचारा. इतरांना केस पिकल्यावर कळतं, आम्हाला उडी मारल्यावर कळलं. मन अजून वर जातं आणि पाय म्हणतात, तू हो पुढे. आठांपैकी एक गेला, एक मुलाकडे पुण्याला राहायला गेला. उरलो सहा, बरोबर एका संघापुरते. तरी आम्ही हिवाळ्यात नेट बांधायचोच. कुणाची शुगर, कुणाची कंबर, माझा खांदा. आमच्या उडीखालून वर्तमानपत्र सरकवता आलं असतं, जाड पुरवणी अडकली असती. पण मजा, काय सांगू, तीच होती.

गेल्या पावसाळ्यात शूटरच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, स्टेंट बसला, सुखरूप परत आला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी सगळं तपासून सांगितलं, चाला, हलकं खेळा, जीव तोडू नका. पण हा चालायलाही विहारापर्यंतच जायचा, आणि मैदानाकडे पाठ करून बसायचा. नेट बांधायला बोलावलं तर म्हणायचा, "माह्यं झालं आता."

अशात शेजारच्या गावातून निरोप आला. एके काळचा आमचा पक्का दुश्मन संघ, तेही आता सगळे आजोबा. तुमच्या गावच्या सव्वीस जानेवारीच्या सामन्यांत फायनलच्या आधी त्यांचा आणि आमचा एक सामना होऊन जाऊ द्या. मी वेडा व्हायचा बाकी होतो! धावत शूटरच्या घरी गेलो. त्याची बायको, आमची वहिनी, अंगणात तूर पाखडत बसली होती. पाय लांब केलेला, आणि लुगडं वर सरकलं तर गुडघ्यावर काय, तर ह्याची निळी नी-कॅप! सामन्यात घालायची ती.

"तेच म्हणाले, घाल तू, मले आता कायले पाह्यजे," ती म्हणाली. "माहा गुडघा लय ठणकते, तं घातली."

शूटर आतून बाहेर आलाच नाही. खेळणारे पाचच उरले होते आणि पाचांनी सामना होत नाही. पण मला सामन्याची फिकीर नव्हती. जो माणूस नी-कॅप देऊन टाकतो तो पुढे काय काय देऊन टाकेल, या विचारानं मी घाबरलो. हे मी कुणाला बोललो नाही, आता लिहितो आहे.

सुनेला मी हा पिक्चर शंभरदा सांगितला होता. तिनं त्या आठवड्यात मोबाईलवर शोधून काढला. म्हणाली, "बाबा, पाहा तुमचा बुढा." मी गिरणीत बसून पावणेतीन तास हललो नाही. तोच फिटर, तीच चिडवणारी पोरं, तीच दोन गाणी. शेवटचा सामना आला. म्हातारा दोन पावलं मागे सरकला. मी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, कारण इथून पुढे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो उडाला, मारला, आणि चेंडू रेषेच्या चार बोटं बाहेर पडला. हरला! कुणाची टोपी उडाली नाही. भोंगा नाही, मुलगा नाही. म्हातारा खाली बसून बुटाच्या नाड्या सोडतो. मग दुसऱ्या दिवसाची सकाळ, मैदान रिकामं, आणि तो एकटाच नेट बांधतो आहे. एक टोक बांधून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, आणि तो चालत असतानाच पिक्चर संपतो.

आता कळलं मी का उठलो ते?

शूटर विहाराच्या पायरीवर बसला होता. मी दुरूनच सुरू झालो. "अबे लबाडा! बुढा हारला! टोपी कुठी उडाली, सांग! मंत्र्याची गाडी कुठून आणली तुनं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी तो मनापासून हसला. "पाह्यला का शेवटी?" म्हणाला.

"काहून खोटं सांगतलं?"

"पिक्चर सुटला तं मी तुह्ये बूट आणाले गेलो," तो म्हणाला. "अंधार पडला होता. बूट हातात घेतले अन् मले वाटलं, हा गडी आता खरंच येत नाई. त्याले जाऊन मी सांगू, का बुढा बी हारला? तुह्यासाठी सांगतलं बे. बाकीचे त कसेबी आले असते."

माझा सगळा राग उतरला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी उगाच चपलेतला खडा काढायला वाकलो. पंधरा वर्षांचा खेळ, सगळ्या गावांतली मैदानं, सगळ्या शिव्या आणि टाळ्या, हे सगळं मला त्या एका थापेतून मिळालं होतं. आणि मी त्याच्याशी भांडायला आलो होतो.

"पण पुढचं तुनं सांगतलंच नाई," मी म्हणालो. "सकाळी तो नेट बांधते ते."

"ते कायले सांगू? ते आपुन बांधतच होतो रोज."

"मग आता काहून बांधत नाई?"

तो पायरीवरून उठला आणि घरात गेला. मीही गिरणीवर आलो. लाइन आलेली होती आणि ती बाई अजून बसलेली होती.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झाल्यावर आम्ही पाच जण मैदानावर आलो, तर सहावा तिथे उभा. पांढरी हाफ पँट, शाळेत शिपाई असतानाचे कॅनव्हासचे बूट, गुडघे उघडे. मागे वहिनी, पदर खोचून, चेहरा कडक. मला म्हणाली, "भाऊजी, पंधरा मिन्टं. उडी मारू देजा नका. नाईतं मी मैदानात येईन." मी कबूल झालो. शूटर म्हणाला, मी नुसता उभा राहून चेंडू टाकीन.

सामन्याला शाळेच्या नव्या क्रीडा शिक्षिका मॅडम पंच होत्या. पहिला चेंडू पलीकडच्या संघाच्या सर्व्हिसवर झाला, आम्ही जिंकला, मॅडमनी आमच्या नावावर एक पॉइंट लावला. झालं, तिथेच गाडी अडली. आमच्या काळात ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा. दुसऱ्यानं चेंडू जिंकला तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची. आता प्रत्येक चेंडूला पॉइंट असतो आणि पंचविसाला खेळ संपतो, हे आम्ही टी.व्ही.वर पाहिलेलं, पण हातापायांना कुठे माहीत! आमचा मागचा गडी मॅडमवर ओरडला, "आमाले पाईंट काहून देला? आमची सर्विस नोती!" पलीकडचे म्हणाले, "बराबर आहे, हरामाचा पाईंट नाई पाह्यजे त्याईले!" दोन्ही संघ मिळून फुकटचा पॉइंट नाकारत होते आणि मॅडम नियमांचं पुस्तक हातात घेऊन उभ्या होत्या. लोक हसून हसून खाली बसले. शेवटी ठरलं, जुना नियम, पंधरा पॉइंट. मॅडमनी हात जोडले. "ठीक आहे काका, तुमच्या मनासारखं. पण दर पाच पॉइंटला सगळे खाली बसून पाणी प्यायचं."

जुन्या नियमाची गोष्ट आम्ही सोईस्कर विसरलो होतो, की तो सामना संपता संपत नाही. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि पाटीवरचा आकडा जागचा हलत नाही. पंधरा मिनिटं झाली तेव्हा आम्ही चार-चार होतो. मी वहिनीकडे पाहिलं. ती पहिल्यांदा उभी होती, मग खाली बसली, मग बाजूच्या बाईच्या हातातला शेंगांचा पुडा घेऊन पुढे सरकली. पंचेचाळीस मिनिटं झाली तेव्हा ती पलीकडच्या संघाला नावं ठेवत होती.

आणि आमचा शूटर! तो खरंच उडी मारत नव्हता. उभ्या उभ्या मनगट वळवून चेंडू अशा जागी टाकत होता की पलीकडचे आजोबा एकमेकांवर आदळत होते. मी लिफ्ट दिली की चेंडूकडे न पाहता मला कळायचं तो कुठे आहे. माझा खांदा ओरडत होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. त्यांचे चौदा झाले, आमचे तेरा. सर्व्हिस त्यांची. आम्ही चेंडू जिंकला, सर्व्हिस आली. गेली. परत आली. दहा-अकरा वेळा असं झालं असेल, आणि प्रत्येक वेळी दोन्ही गावांचे लोक एकदम उभे राहायचे.

मग त्यांच्या सर्व्हिसवर मागून एक सुरेख चेंडू माझ्या हातात आला. त्या क्षणी मला वाशिम आठवलं. या वेळी मी लिफ्ट दिली ती नेटपासून बरोबर हातभर दूर, जशी तेव्हा द्यायला हवी होती तशी. शूटर दोन पावलं मागे सरकला. मी ओरडलो, "नको!" आणि तो उडाला. वीतभर असेल. पण उडाला! हात पूर्ण फिरवला, फाड्कन आवाज आला, आणि चेंडू रेषेच्या पलीकडे धुळीत पडला. मॅडमनी हात वर केले. बाहेर. पंधरा-तेरा.

तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता आणि मी त्याच्याकडे धावलो. तो धापा टाकत होता. वर पाहिलं तर हसत होता. मॅडम पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "काका, मी नवीन नियमानंही मोजत होते. तसं खेळला असता तर तुम्ही मघाच पंचवीस करून जिंकला असता."

आमचे चौघे कपाळावर हात मारायला लागले. शूटर पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाप्पा, वाचलो म्हना. तवाच खपला असता खेळ. एवढं खेळाले भेटलं असतं का?"

वहिनी चौदा-तेरा झाल्यावर घरी गेली होती. म्हणाली होती, माझ्यानं पाहवत नाही. आम्ही दोघं चालत तिच्या अंगणात पोचलो, तर ती दारातच उभी. "काय झालं? जितले का?"

मी तोंड उघडलं. वाटेत मी ठरवूनच आलो होतो, जिंकलो म्हणायचं. एक थाप माझ्याकडे बाकी होती, आणि आज ती फेडायची वेळ होती.

पण माझ्या आधी तोच बोलला, गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हारलो ना! पंधरा-तेरा!" मग ओट्यावर बसून बुटाची नाडी सोडत तिला म्हणाला, "अन् तुह्या गुडघ्यावरची ते नी-कॅप काढ. उद्या मले लागते."